क्लस्टरच्या नेटवर्कसाठी डॅशबोर्ड प्लगिन टाकलं, आता पुढे काय?

खटपट्या
मंडळी, तीन दिवस एकाच ठिकाणी अडकलोय, शेवटी धागा काढला. आठ नोडचा (म्हणजे आठ मशीनचा) कुबरनेटीस क्लस्टर, कंटेनर चालवायला; नेटवर्कला सिलियम, त्यावर ती वाहतूक दाखवणारं हबल चालू केलंय. आकडे गोळा करणारं प्रोमिथियस आणि त्यांचे आलेख काढणारं ग्राफाना आधीच्या लोकांनी बसवलेलं, मला वारसाहक्काने मिळालं. वरून फर्मान आलं की कोणता पॉड कोणाशी बोलतो, पॅकेट कुठे गळतात, हे एका पडद्यावर दिसलं पाहिजे. म्हणून ग्राफानात नकाशा काढणारं एक पॅनेल प्लगिन आणि हबलचा तयार डॅशबोर्ड असं दोन्ही टाकायला घेतलं.

ग्राफानाच्या पॉडमध्ये शिरलो, ग्राफाना सीएलआयने (कमांड लाइनवरून) प्लगिन टाकलं, 'झालं, आता रीस्टार्ट करा' असा निरोप आला. रीस्टार्ट केलं तर प्लगिन गायब. परत टाकलं, परत रीस्टार्ट, परत गायब. चौथ्यांदा हेच झाल्यावर मला वाटायला लागलं की मी खरंच टाकतोय की स्वप्नात टाकतोय.

तर हे टिकवायचं कसं? आणि दुसरं, असला डॅशबोर्ड रोज खरोखर कोणी उघडतं का?

(कमांडी देवनागरीत लिहितोय, कॉपी पेस्ट करून मला शिव्या घालू नका.)

तिरकस
आमच्याकडे नेमकं उलट. जे काढायचंय ते कितीही रीस्टार्ट केलं तरी जात नाही.

रात्रपाळी
खटपट्या, चालत्या पॉडमध्ये शिरून काही टाकायचं म्हणजे पाटीवर खडूने लिहायचं. पॉड मेला की पाटी पुसली. प्लगिन जातं व्हार लिब ग्राफाना प्लगिन्स या फोल्डरमध्ये, आणि हेल्म चार्टमध्ये, म्हणजे ज्या साच्यातून ग्राफाना बसवतात त्यात, पर्सिस्टन्स (डेटा टिकवून ठेवणं) मुळात बंद असतं, म्हणजे तो फोल्डर पॉडबरोबर जन्मतो आणि पॉडबरोबरच जातो. तुम्ही चार वेळा टाकलंत, त्याने चार वेळा इमानदारीत पुसलं.

सरळ उपाय म्हणजे हेल्मच्या व्हॅल्यूज फाइलमध्ये प्लगिन्स नावाची यादी असते त्यात प्लगिनचं नाव लिहा, चार्ट ते एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून ग्राफानाला देतो आणि दर वेळी पॉड उठताना प्लगिन उतरवून घेतलं जातं. सोबत आवृत्तीचा आकडा लिहाच. मी एकदा नव्हता लिहिला, मग मध्यरात्री नोड बदलला, पॉड दुसरीकडे उठला, नवी आवृत्ती उतरली आणि सकाळी अर्धी पॅनेलं पांढरी. काल कोणीच काही बदललं नव्हतं, सगळे शपथेवर सांगत होते, आणि ते खरंही होतं.

वायरगुंडा
ताईंशी सहमत पण अर्धाच. दर वेळी उतरवून घेणं म्हणजे ग्राफाना उठण्यासाठी बाहेरचं इंटरनेट लागणार. ज्या दिवशी नेटवर्क बोंबललंय त्याच दिवशी तुम्हाला डॅशबोर्ड हवाय आणि त्याच दिवशी तो उठणार नाही कारण प्लगिन उतरवायला नेटवर्क नाही. आम्ही आमची इमेजच (ज्यातून कंटेनर उठतो तो तयार गठ्ठा) बनवतो, ग्राफानाच्या मूळ इमेजवर प्लगिन आत घालून. एकदा बनवली की बाहेर जायचं कामच नाही.

फक्त फोल्डरची मालकी बघा. ग्राफाना ४७२ नंबरच्या युजरने चालतं, फाइली रूटच्या नावावर आणि वाचायची परवानगी बंद असं झालं की प्लगिन समोर असूनही त्याला दिसत नाही.

काजवा
मी नवीन आहे, हसू नका. पॉड म्हणजे कंटेनरच ना? मग दोन शब्द कशाला?

रात्रपाळी
@काजवा, हसण्यासारखं काही नाही. पॉड म्हणजे एक खोली समजा, आत एक किंवा जास्त कंटेनर राहतात. खोलीला आयपी पत्ता एकच, तो सगळ्यांचा सामायिक, म्हणून आतले कंटेनर एकमेकांशी लोकलहोस्टवर बोलतात. या धाग्यापुरतं एवढं धरा की नेटवर्कच्या नकाशात ठिपका दिसतो तो पॉडचा, कंटेनरचा नाही.

जुनाजाणता
मला एक कळत नाही. पॅकेट कुठे गळतंय हे बघायला टीसीपीडंप आहे, चाळीस वर्षं जुनी गोष्ट नाही पण तुमच्या सगळ्या प्लगिन्सपेक्षा नक्कीच जुनी आहे. नोडवर जायचं, इंटरफेस धरायचा, पॅकेट बघायचं. डॅशबोर्ड हे साहेब लोकांना भिंतीवर लावायला. रंगीत, हलतं, आणि त्यातून कधीही काही सापडत नाही.

तिरकस
काका आले. आता धागा शंभरी गाठणार.

वायरगुंडा
काका, आठ नोड, समजा नोडमागे तीस पॉड, त्यातला कोणता इंटरफेस धरायचा हे तुम्हाला आधी कोण सांगणार? आणि पॉड तासाभरात दुसऱ्या नोडवर गेलेला असतो. टीसीपीडंपमध्ये आयपी दिसतो, आणि तो आयपी काल कोणाचा होता आज कोणाचा आहे हे कोण लक्षात ठेवणार. हबल कर्नलमध्येच ईबीपीएफने (तिथे चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) बघतं आणि आयपीला पॉडचं नाव, नेमस्पेस (क्लस्टरमधला कप्पा), लेबल चिकटवून देतं, फरक तिथे आहे.

जुनाजाणता
मान्य. पण हबल तरी किती आठवणीत ठेवतं? दर नोडवर ४०९५ घटना, डिफॉल्टने, मग जुन्या पुसत जातं. गर्दीच्या नोडवर एवढ्या घटना डोळ्याची पापणी लवायच्या आत होतात. रात्री दोनचं भांडण सकाळी दहाला शोधायला गेलात तर हाती शून्य.

वायरगुंडा
म्हणूनच तर मेट्रिक्स, म्हणजे मोजलेले आकडे, प्रोमिथियसमध्ये घेतात हो काका! हबलची आठवण छोटी, प्रोमिथियसची लांब. प्रत्येक पॅकेटची गोष्ट नाही मिळणार पण दोन वाजता गळती वाढली होती एवढं तर कळेल. अवांतर, सिलियम म्हणजे लॅटिनमध्ये पापणीच. तुम्ही नकळत श्लेष केलात.

दीडशहाणा
अवांतरात भर. कुबरनेटीस म्हणजे ग्रीकमध्ये सुकाणू धरणारा, आपल्याकडे त्याला तांडेल म्हणतात. त्याच्या लोगोतल्या सुकाणूच्या चक्राला सात आरे आहेत. हबल हे दुर्बिणीचं नाव, आणि ती दुर्बीण १९९० मध्ये वर गेली तेव्हा आरशातल्या चुकीमुळे अंधूकच दिसत होतं, १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्त केलं. म्हणजे पहिल्या दिवशी काही न दिसणं ही परंपरा आहे.

तिरकस
हसून हसून पुरेवाट. साहेबांना हेच सांगा, तीन वर्षं थांबा.

खटपट्या
सगळ्यांचे आभार. इमेज बनवली, वायरगुंडा म्हणतात तशी. आता ग्राफाना लॉगमध्ये म्हणतंय की प्लगिन सापडलं पण सही नाही म्हणून लोड करणार नाही. कोणाची सही? माझी?

रात्रपाळी
:) प्लगिन बनवणाऱ्याची डिजिटल सही. तुमचं प्लगिन कॅटलॉगबाहेरचं असणार. कॉन्फिगमध्ये प्लगिन्स या भागात 'बिनसहीची चालू द्या' अशा अर्थाची एक ओळ आहे, अलाउ लोडिंग अनसाइन्ड प्लगिन्स, तिथे त्या प्लगिनचा आयडी जसाच्या तसा लिहावा लागतो, दाखवायचं नाव नाही, आयडी. तो प्लगिनच्या फोल्डरमध्ये प्लगिन डॉट जेसन फाइलमध्ये मिळेल.

पण लिहिण्याआधी एक मिनिट विचार करा की हे प्लगिन कोणी लिहिलंय, शेवटचं कधी हात लावलाय. सही नसलेलं म्हणजे वाईटच असं नाही, पण ते तुमच्या क्लस्टरचा सगळा नकाशा वाचणार आहे. आणि फार जुनं असेल तर अँग्युलर या जुन्या फ्रेमवर्कवर लिहिलेलं असू शकतं, ग्राफाना ११ मध्ये ते डिफॉल्टने बंद केलं आणि १२ मध्ये काढूनच टाकलं. मग सही असो नसो, चालणार नाही.

सुकाणू_सोडलेला
जुन्यावरून आठवलं. आम्ही अँट्रियावर (सिलियमसारखंच दुसरं नेटवर्क प्लगिन) होतो, तेव्हा ऑक्टंट नावाचा डॅशबोर्ड होता, त्याचं अँट्रियाचं प्लगिन यायचं. होम फोल्डरमध्ये कॉन्फिग, ऑक्टंट, प्लगिन्स असा रस्ता, तिथे बायनरी ठेवली, एक्झिक्युटेबल केली की ७७७७ पोर्टवर ब्राउझरमध्ये सगळं हजर. कंट्रोलर, एजंट, आणि ट्रेसफ्लो, म्हणजे या पॉडपासून त्या पॉडपर्यंत एक खोटं पॅकेट पाठवून ते कुठवर पोचलं ते चित्रात. मला अजून त्याची सर कशाला नाही. मग ऑक्टंटचं कामच थांबलं आणि आता अँट्रियाचं स्वतःचं वेगळं यूआय आहे. कोणाला जुन्या लेखात ऑक्टंटची रेसिपी सापडली तर तिच्या नादी लागू नका, मी दोन दिवस घालवलेत.

काजवा
वाचनखूण साठवली. निम्मं कळलं.

खटपट्या
प्लगिन लोड झालं!! रीस्टार्ट करूनही आहे!! डॅशबोर्ड उघडला. बारा पॅनेलं. बाराच्या बारा 'नो डेटा'.

तिरकस
नो डेटा म्हणजे नो प्रॉब्लेम. साहेबांना दाखवा, एकही पॅकेट पडलेलं नाही.

दीडशहाणा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे, दोनदा पडला)

वायरगुंडा
आता प्लगिनला हात लावू नका, त्याचं काम झालं. ते फक्त काढणारं, त्याच्याकडे येतंच नसेल तर काढणार काय. उलट्या बाजूने या. आधी हबलची मेट्रिक्स चालू आहेत का? हबल चालू म्हणजे मेट्रिक्स चालू असं नाही, ती यादी वेगळी द्यावी लागते, डीएनएस, ड्रॉप, टीसीपी, फ्लो वगैरे, मुळात ती रिकामी असते. दिल्यावर सिलियमचे एजंट (दर नोडवर एक असतो) रीस्टार्ट करावे लागतात. मग कुठल्याही एका एजंटला पोर्ट फॉरवर्ड करून ९९६५ वर कर्ल मारा (पत्ता कमांडने उघडून बघा). आकडे आले तर पुढे.

खटपट्या
यादी खरंच रिकामी होती. भरली, एजंट फिरवले, ९९६५ वर कर्ल मारला तर हबल ड्रॉप टोटल वगैरे भरभरून येतंय. डॅशबोर्ड तसाच कोरा.

रात्रपाळी
मग मध्ये प्रोमिथियस राहिलं. ते नेहमीच्या स्टॅक चार्टने बसवलेलं असेल तर प्रोमिथियस फक्त तेच सर्व्हिस मॉनिटर (आकडे कुठून घ्यायचे ते सांगणारी नोंद) उचलतं ज्यांच्यावर रिलीज नावाचं लेबल आहे आणि त्यात त्या हेल्म रिलीजचं नाव आहे. सिलियमने बनवलेल्या सर्व्हिस मॉनिटरवर ते लेबल आपोआप नसतं. कुठेही एरर येत नाही, लॉगमध्ये अक्षर नाही, प्रोमिथियसच्या लेखी तो मॉनिटर जन्मलाच नाही. या एका लेबलावर मी आयुष्यातले किती तास घालवले ते मोजत नाही. प्रोमिथियसला ९०९० वर पोर्ट फॉरवर्ड करा आणि टार्गेट्सचं पान उघडा, हबलचं नाव तिथे आहे का ते सांगा.

आणि डॅशबोर्डमधल्या क्वेरी बघून ठेवा. रेटच्या कंसात एक मिनिट लिहिलंय आणि तुमचं स्क्रेप (आकडे गोळा करायची फेरी) पण एक मिनिटाचं असेल तरी पॅनेल कोरं दिसणार, रेट काढायला त्या खिडकीत किमान दोन आकडे लागतात. मी चौपट खिडकी ठेवते.

जुनाजाणता
एवढं सगळं आकडे *बघायला*. टीसीपीडंपला लेबल लागत नाही.

बरं, टोमणा सोडा, एक खरी गोष्ट सांगतो. एका क्लस्टरवर तक्रार, छोट्या रिक्वेस्ट जातात, मोठी फाइल अडकते. पिंग चालू. सगळे डॅशबोर्ड हिरवेगार, ड्रॉपचा आलेख जमिनीवर झोपलेला. दोन दिवस ॲप्लिकेशनवाले आणि नेटवर्कवाले एकमेकांवर ढकलत होते. मी काय केलं, पिंगला 'तुकडे करू नको' सांगितलं आणि साइज वाढवत नेली. १४२२ पर्यंत उत्तर येतं, १४२३ ला गप्प. त्यात २८ बाइट हेडरचे मिळवा, १४५० झाले. खालचं नेटवर्क १५०० चं, पॉडची पॅकेटं ज्यात गुंडाळून जातात ते व्हीएक्सलॅनचं आवरण ५० बाइटचं, म्हणजे पॉडचा एमटीयू (पॅकेटची कमाल साइज) १४५० हवा आणि तिथे कोणीतरी हाताने १५०० लिहून ठेवला होता. पॅकेट क्लस्टरच्या बाहेर, खालच्या थरात मरत होतं, मग क्लस्टरच्या आतल्या डॅशबोर्डला काय दिसणार कपाळ.

वायरगुंडा
हे मात्र लाखातलं काका. दंडवत. पण टीसीपी रीट्रान्समिशनचं (पॅकेट परत परत पाठवण्याचं) पॅनेल असतं तर तिथे डोंगर दिसला असता.

जुनाजाणता
असतं तर. नव्हतं.

खटपट्या
ताई, लेबलच होतं! लावलं आणि टार्गेट्सच्या पानावर हबल आलं, आठही नोड. आणि आठही लाल. कॉन्टेक्स्ट डेडलाइन एक्सीडेड. पण मी कर्ल मारला तेव्हा तर ९९६५ उत्तर देत होतं. आता मात्र मला रडू येईल.

सुकाणू_सोडलेला
डेडलाइन म्हणजे उत्तरच आलं नाही. दार बंद असतं तर 'कनेक्शन रिफ्युज्ड' असं लगेच तोंडावर आलं असतं. इथे दार ठोठावलेलं कोणालाच ऐकू जात नाहीये. मध्ये कोणीतरी पॅकेट गुपचूप खातंय. नेटवर्क पॉलिसी (कोणी कोणाशी बोलायचं याचे नियम)?

रात्रपाळी
माझाही पॉलिसीवरच संशय. तुम्ही पोर्ट फॉरवर्डने गेलात, तो रस्ता वेगळा, क्यूबलेटमधून (नोडवरचा कुबरनेटीसचा कारभारी) पॉडच्या आत. प्रोमिथियस नेटवर्कवरून जातं.

एक सांगा, त्याच प्रोमिथियसमध्ये नोड एक्स्पोर्टरचे आलेख आहेत ना, सीपीयू मेमरीचे, ते नीट येतायत का? तेही नोडच्याच आयपीवर असतं.

खटपट्या
येतायत की. थांबा, बघून सांगतो.

तिरकस
'थांबा बघून सांगतो' या वाक्यानंतर चांगली बातमी आल्याचं मला आठवत नाही.

खटपट्या
येत नाहीयेत.

नऊ दिवसांपासून येत नाहीयेत. मी ते पान उघडत होतो तेव्हा रिकामं दिसायचं, मला वाटलं टाइम रेंज चुकलीय, म्हणून तीस दिवसांची करायचो, मग डावीकडे आलेख दिसायचा आणि मी समाधानाने बंद करायचो. आणि अलर्ट? अलर्ट येत होते. तो चॅनेल आम्ही सगळ्यांनी म्यूट केलाय कारण त्यात फार अलर्ट येतात.

जुनाजाणता
मी काही बोलत नाही.

तिरकस
काका बोलत नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

वायरगुंडा
नऊ दिवसांपूर्वी काय केलं होतं?

खटपट्या
ऑडिटसाठी मॉनिटरिंग नेमस्पेसला डिफॉल्ट डिनाय लावलं होतं, बाहेर जाणारी वाहतूक मुळात बंद, लागेल तेवढीच उघडायची. मीच लावलं. पण मी नोडची आयपी रेंज आयपी ब्लॉकमध्ये घालून उघडी ठेवली होती! आत्ता परत वाचली, रेंज बरोबर आहे, आठही नोड तिच्यात बसतात, पोर्टची अट पण नाही.

रात्रपाळी
सापडलं. सिलियम नोडला आयपी म्हणून बघतच नाही, ओळख म्हणून बघतं. क्लस्टरमधल्या दुसऱ्या नोडची ओळख रिमोट नोड, आपल्या नोडची होस्ट. आयपी ब्लॉकचा नियम क्लस्टरबाहेरच्या पत्त्यांना लागतो, नोडना मुळात लागतच नाही, रेंज कितीही अचूक असो. दुसऱ्या नेटवर्क प्लगिनवर हीच फाइल चालली असती म्हणून जास्त फसायला होतं. दोन रस्ते: सिलियमची स्वतःची पॉलिसी लिहा, टू एन्टिटीजमध्ये होस्ट आणि रिमोट नोड, पोर्ट ९९६५ आणि ९१००, क्यूबलेटचा १०२५० पण विसरू नका. नाहीतर सिलियमच्या कॉन्फिगमध्ये सीआयडीआर मॅच मोड नोड्स करा, पण तो बदल सगळ्या क्लस्टरला लागतो, मी पहिला रस्ता घेईन.

आणि लावण्याआधी हबलच्या सीएलआयवर ऑब्झर्व्ह मारा, व्हर्डिक्ट ड्रॉप्ड, नेमस्पेस मॉनिटरिंग. मला बघायचंय.

खटपट्या
मारलं. पडदा भरून एकच ओळ वाहतेय, मॉनिटरिंग नेमस्पेसमधलं प्रोमिथियस शून्य, बाण, नोडचा आयपी, पोर्ट ९९६५, कंसात रिमोट नोड (आपल्या नोडला होस्ट), पॉलिसी डिनाइड, ड्रॉप्ड, टीसीपी फ्लॅग सिन. दर तीस सेकंदांनी आठ नोडना एक फेरी. मधूनमधून ९१००.

म्हणजे जे मला डॅशबोर्डवर बघायचं होतं ते हबलला कायम दिसत होतं, आणि दिसत होतं ते हेच की डॅशबोर्डपर्यंत काही पोचू देत नाहीयेत.

दीडशहाणा
हे फ्रेम करून ठेवा.

काजवा
हे मला पूर्ण कळलं. पहिल्यांदाच.

खटपट्या
पॉलिसी लावली. मिनिटभरात आठही हिरवे. बारापैकी अकरा पॅनेलं चालू, नकाशा आला, साहेबांनी फोटो काढून पुढे पाठवला. अलर्टचा चॅनेल अनम्यूट केला, ८४० न वाचलेले.

एक पॅनेल मात्र लालभडक. डीएनएसमध्ये एनएक्सडोमेन, म्हणजे 'असं नाव नाही' अशी उत्तरं हजारोंनी. हे आता काय?

वायरगुंडा
बहुतेक काही नाही. पॉडच्या रिझॉल्व्ह कॉन्फमध्ये एनडॉट्स ५ असतं, म्हणजे नावात पाचपेक्षा कमी टिंबं असली की आधी क्लस्टरचे तीन शेपूट लावून बघायचं, मग खरं नाव. बाहेरच्या एका नावापायी तीन 'नाही', आणि आयपी ४ व आयपी ६ वेगळे विचारतात म्हणून सहा. ॲपमध्ये नावाच्या शेवटी टिंब द्या किंवा त्या पॉडला एनडॉट्स कमी करा, लाल उतरेल.

सुकाणू_सोडलेला
हबलचं स्वतःचं यूआय पण चालू केलं असशील तर ते इनग्रेसवर (बाहेरून क्लस्टरमध्ये यायचं दार) उघडं टाकू नकोस हो. त्याला स्वतःचं लॉगिन नाही. पोर्ट फॉरवर्डनेच बघ, नाहीतर पुढे लॉगिनचं काहीतरी बसव.

खटपट्या
...थांबा, बघून सांगतो.

तिरकस
झालं.